स्टेअरिंग थरथरतंय, ब्रेक धक्के देतोय? गॅरेजला जाण्याआधी दोष कसा ओळखायचा

गावाकडच्या गाडीचा एक त्रास असतो. घरापासून फाट्यापर्यंत ती कधी ४०-५० च्या वर जातच नाही, त्यामुळे चाकात दोष असला तरी महिनोन्‌महिने कळत नाही. मग लग्नाला नाहीतर दवाखान्याच्या कामाने नागपूरला निघतो, कळंब सोडल्यावर मोकळा चौपदरी रस्ता मिळतो, काटा ८५ वर जातो आणि हातातलं स्टेअरिंग थरथरायला लागतं. किंवा टोलनाक्याआधी ब्रेक दाबावा तर पायडल पायाखाली वरखाली होतं.

तालुक्याच्या गॅरेजला गेलं की पहिलं उत्तर ठरलेलं: "अलाइनमेंट करून घ्या भाऊ." ते, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, होतं, थरथर तशीच राहते. मग लोअर आर्म, मग टाय रॉड एंड, मग शॉकअप. माझ्या गाडीचं असंच एकेक सामान बदललं गेलं आणि शेवटी दोष निघाला पुढच्या डाव्या टायरच्या आतल्या पट्ट्यात (नक्षीखाली असतो तो तारांचा थर). मिस्त्रीची नियत वाईट होती असं मी म्हणणार नाही. गाडी नेमकी केव्हा थरथरते हे त्याने विचारलं नाही, आणि बाजारपेठेतल्या त्या बोळात गाडी ८० ने चालवून पाहायची सोय त्याच्याकडे नव्हती. म्हणून हे काम आपणच करायचं. त्याला इंजिनिअर असावं लागत नाही. पाना धरता येतो आणि स्टेपनी बदलता येते एवढं पुरे.

सोबत काय घ्यायचं

- गाडीचा जॅक, व्हील पाना आणि चाकाला ओट लावायला दोन चांगले दगड किंवा लाकडी ठोकळे
- हवा मोजायचा गेज (पंक्चरच्या दुकानातल्या गेजवर विसंबू नका, बरेचसे कधीचेच बिघडलेले असतात)
- तारेचा ब्रश, जुना स्क्रू ड्रायव्हर, खडू, टॉर्च
- मालकाचं मॅन्युअल: नट किती टाईट करायचे, हवा किती, डिस्कची किमान जाडी किती, यातलं बरंच त्यात सापडतं
- टायरचं बिल आणि सर्व्हिसची जुनी बिलं. टायरमध्ये बनावटीचा दोष निघाला तर झीज मोजून कंपनी भरपाई देऊ शकते, पण बिल नसेल तर तिथेच अडतं
- वही-पेन, आणि शेजारी बसायला एक शहाणा माणूस

आधी एक इशारा. थरथर अचानक सुरू झाली असेल, दर किलोमीटरला वाढत असेल, किंवा सोबत खालून खट-खट असा आवाज येत असेल तर कुठलीही चाचणी करत बसू नका. गाडी बाजूला घ्या आणि आधी चारही चाकांचे नट हाताने तपासा. पंक्चर काढल्यानंतर नट ढिले राहणं हा खेडोपाडी नेहमी घडणारा प्रकार आहे, आणि चाक निखळण्याआधी गाडी अशीच थरथरते. नट पक्के असतील तर टायरला फुगा आलाय का ते बघा. दोन्हींपैकी काहीही सापडलं तरी तिथून पुढे गाडी पळवायची नाही.

१. पहिला प्रश्न: ब्रेकवर पाय नसताना, की ब्रेक दाबल्यावरच?

सगळं निदान या एका प्रश्नावर उभं आहे. ब्रेकला हात न लावता गाडी थरथरत असेल तर दोष चाक, टायर, रिम, बेअरिंग, एक्सल किंवा स्टेअरिंगच्या सांध्यांत. चालताना गाडी लोण्यासारखी आणि ब्रेक दाबला की थरथर, तर दोष डिस्क, ड्रम किंवा कॅलिपरमध्ये (डिस्कवर पॅड दाबणारा भाग). दोन्ही वेळा होत असेल तर आधी पहिला दोष काढायचा, कारण चाकाची थरथर गेल्याशिवाय ब्रेकचं खरं चित्र दिसत नाही. सांधा ढिला असेल तर ब्रेकचा बारीकसा धक्काही स्टेअरिंगवर मोठा होऊन येतो, तेवढं ध्यानात ठेवा.

दुसरा प्रश्न: थरथर हातात आहे की बुडाखाली? स्टेअरिंग हलतंय म्हणजे बहुधा पुढची चाकं. स्टेअरिंग शांत आणि सीट, फरशी थरथरतेय म्हणजे मागची.

तिसरा प्रश्न वेगाचा.

८० च्या आसपास सुरू होते, १०० ला जास्त जाणवते, आणखी वेग वाढवला की कमी होते: हे बॅलन्सिंग बिघडल्याचं लक्षण, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं नाही. एका लहान गाडीचा हिशोब मांडतो. १४ इंची रिमच्या कडेला १० ग्रॅमचा फरक असेल तर ताशी १०० च्या वेगाला तो चाकाला दीड-पावणेदोन किलोच्या जोराने ओढतो, आणि एका सेकंदात साधारण पंधरा वेळा. हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: ५० ला जेवढा, १०० ला त्याच्या चौपट. म्हणून गावच्या रस्त्यावर काही कळत नाही. वेग आणखी वाढवल्यावर थरथर कमी होते, कारण चाक आणि सस्पेन्शन एका ठराविक गतीलाच एकमेकांच्या तालात येतात. दोष मात्र तिथेच असतो.

२० ते ४० च्या वेगाला गाडीचं नाक डावी-उजवीकडे डोलतं, स्टेअरिंग संथपणे हलतं: टायरच्या आतला पट्टा सुटलाय किंवा रिम वाकलीय. इथे बॅलन्सिंग करून काही होत नाही.

ॲक्सिलरेटर दाबला की थरथर, पाय काढला की बंद: एक्सलचा आतला जॉइंट. अशा वेळी एक्सलचं गिअरबॉक्सकडचं रबरी बूट फाटून आजूबाजूला ग्रीस उडालेलं दिसतं का ते बघा.

थरथरीपेक्षा घूंऽऽ असा आवाज जास्त, वेगाबरोबर वाढणारा, आणि वळणावर एका बाजूला मोठा, दुसरीकडे लहान होणारा: व्हील बेअरिंग.

जुनी जिप्सी किंवा पुढे पाट्यांचे स्प्रिंग आणि सरळ एक्सल असलेली जीप असेल तर तिचा वेगळा आजार असतो. खड्ड्यात चाक आदळतं आणि त्यानंतर स्टेअरिंग जोरात हलायला लागतं ते गाडी जवळपास थांबेपर्यंत थांबतच नाही. तिथे किंगपिनची बेअरिंग आणि स्टेअरिंगचे सांधे यांतली ढिलाई शोधायची. नुसतं स्टेअरिंग डॅम्पर बदलून दोष थोडे दिवस झाकला जातो, इतकंच.

२. चाचणीचा रस्ता

समृद्धी महामार्गावर चाचणी करू नका. तिथे कारला १२० ची परवानगी आहे खरी, पण मध्येच थांबायला मनाई आहे, मागची वाहनं वेगात असतात, आणि सिमेंटच्या रस्त्याचे जोड चाकाखाली ठराविक तालात वाजतात. नवख्या माणसाला तो ताल आणि चाकाचा दोष यांतला फरक कळत नाही. डांबराचा, सरळ, गुरं आणि बैलबंड्या नसलेला तुकडा निवडा. पहाटेची वेळ चांगली. कापसाच्या हंगामात जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांच्या रांगा लागतात तेव्हा तर दिवसा नादच सोडा.

शेजारच्याला वही द्या. तुम्ही रस्त्यावरून नजर न काढता बोला, त्याने लिहावं: कोणत्या वेगाला सुरू, कोणत्या वेगाला सर्वांत जास्त, हातात की सीटमध्ये. थरथर चालू असताना ॲक्सिलरेटर सोडून क्लच दाबून बघा. तशीच राहिली तर चाकं, गेली तर एक्सल किंवा इंजिनाकडचं काम. इंजिन बंद करून गाडी घरंगळू द्यायची नाही. ब्रेकची आणि पॉवर स्टेअरिंगची मदत त्याबरोबरच जाते.

गाडी महिनाभर अंगणात उभी होती का, हेही लिहा. पेरणीच्या दिवसांत पांदण रस्ता बंद झाला की कित्येक गाड्या उभ्याच असतात. उभ्या टायरला खालून सपाटी येते आणि पहिले दहा-पंधरा किलोमीटर गाडी थडथडते. टायर गरम झाल्यावर ती जात असेल तर चिंता नाही.

३. चाकातली काळी माती काढा

हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय, कारण शहरातल्या कुठल्या मार्गदर्शनात ते नसतं आणि आपल्याकडे निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच सापडतं.

आपली काळी माती ओली असताना चिकटते आणि सुकली की दगड होते. पावसाळ्यात वावराच्या धुऱ्यापर्यंत गाडी नेली की चिखल रिमच्या आतल्या अंगाला, बाहेरून दिसणार नाही असा बसतो. गाडी रात्रभर उभी राहिली की तो ओघळून खालच्या बाजूला जमतो आणि तिथेच सुकतो. म्हणजे एका बाजूला पाव किलो माती घेऊन चाक फिरतं. बॅलन्सिंगचा हिशोब पाच-पाच ग्रॅमचा असतो हे आठवा, म्हणजे पाव किलोचा अर्थ कळेल.

बाहेरून पाईपने गाडी धुतल्याने ही माती निघत नाही. चाक काढा, आडवं ठेवा, आतल्या गोलाईवर हात फिरवा. सुकलेली पोपडी बोटाला लागते. बऱ्याचदा ती जुन्या वजनाच्या पट्टीला धरून बसलेली असते. स्क्रू ड्रायव्हरने हलक्या हाताने सोडवा, वजनाची पट्टी उखडू देऊ नका, मग ब्रश आणि पाणी. चाक काढलंच आहे तर डिस्कच्या मागची पत्र्याची ढाल बघा. तिच्यात आणि डिस्कमध्ये खडा अडकला की कर्कश आवाज येतो आणि डिस्कवर गोल चर पडतो.

चाक परत लावण्याआधी हबचा, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं त्याचा, सपाट भाग तारेच्या ब्रशने घासून घ्या. तिथे गंजाचा पापुद्रा राहिला तर चाक किंचित तिरकं बसतं. नट हाताने चढवून, समोरासमोरचे जोडीने, थोडे थोडे करत टाईट करा. शेवटचा पीळ गाडी जमिनीवर टेकल्यावर द्या. बहुतेक लहान गाड्यांना ८५ ते ११० न्यूटन-मीटर एवढा जोर लागतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे. पान्यावर उभं राहून उड्या मारणं म्हणजे याच्या कितीतरी पट.

एवढं झालं की परत रस्त्यावर नेऊन बघा. पुष्कळ गाड्यांची गोष्ट इथेच संपते.

४. हवा आणि टायर

हवा सकाळी, गाडी थंड असताना मोजायची. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडच्या उन्हात तापलेल्या टायरची हवा जास्त दाखवते, म्हणून ती काढून टाकायची नाही. संध्याकाळी टायर थंड झाला की ती कमी भरते.

मग टायरवर तळहात फिरवा, आडवा आणि उभा दोन्हीकडून. उंचवटा, खोलगट टप्पे, एका कडेची जास्त झीज हे डोळ्याआधी हाताला कळतं. बाजूच्या भिंतीला फुगा असेल तर आतले धागे तुटलेले आहेत आणि त्याला दुरुस्ती नाही. टायरच्या भिंतीवरच्या चार आकडी शिक्क्यात पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. कायद्याने नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी. नक्षीच्या खाचेत त्या उंचीची छोटी आडवी पट्टी असते, टायर झिजून तिच्या बरोबरीला आला की संपला.

एक सापळा इथे आहे. पंक्चर आपोआप बंद करणारं द्रव टायरमध्ये टाकलं असेल तर बॅलन्सिंग जमतच नाही. दर फेरीला ते जागा बदलतं आणि मशीन दर वेळी वेगळा आकडा दाखवतं. कॉम्प्रेसरमधून आलेलं पाणी टायरमध्ये साठलं तरी हेच होतं. टायर रिमवरून उतरवून आतून पुसल्याशिवाय पुढे जाऊ नका.

संशय एका चाकावर आला की बिनखर्चाची एक परीक्षा आहे: ते पुढचं चाक मागे आणि मागचं पुढे लावा. आधी हातात असलेली थरथर आता सीटमध्ये गेली तर दोष त्या चाकातच आहे, सस्पेन्शनमध्ये नाही. लोअर आर्मचं बिल करण्याआधी ही अदलाबदल केलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

५. चाक उचलून पाहणं

सपाट, टणक जागा घ्या. काळ्या मातीवर जॅक लावू नका, तो रुततो आणि तिरका होतो. हँडब्रेक ओढा, गियर टाका, कर्णात समोर असलेल्या मागच्या चाकाला दोन्हीकडून ओट लावा. जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, मिनिटभरासुद्धा नाही. काढलेली स्टेपनी गाडीच्या खाली सरकवून ठेवा.

चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. खेळ लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. घरातल्या कुणाला तेवढा वेळ ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंटकडे पाहा. आता डावी-उजवीकडून धरून हलवा. इथला खेळ बहुधा टाय रॉड एंड किंवा रॅक एंडचा असतो.

रिम वाकलीय का ते पाहण्यासाठी गियर काढून न्यूट्रल करा, एका दगडावर खडू टेकवून त्याचं टोक रिमच्या कडेपासून केसभर लांब धरा आणि चाक हळू फिरवा. फट सारखी राहिली तर रिम सरळ. एका जागी खडू घासला आणि समोर फट वाढली तर रिममध्ये बेंड आहे. तीच तपासणी टायरच्या नक्षीवर करा, म्हणजे टायर गोल आहे की नाही ते कळेल. लोखंडी रिमचा लहान बेंड सरळ करून मिळतो. अलॉयला तडा असेल तर वेल्डिंग करून वापरू नका.

६. बॅलन्सिंगच्या दुकानात

मशीन तालुक्याला नसेल तर जिल्ह्याला जावं लागतं, म्हणजे पूर्ण दिवस मोडतो. तेव्हा काम आपल्या डोळ्यासमोर करून घ्या. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, स्टेअरिंग वाकडं बसतं, टायर एका कडेने झिजतात. थरथर तिच्यामुळे थेट होत नाही.

मशीनवर चाक चढवण्याआधी आतली माती आणि नक्षीतले खडे काढलेत ना ते बघा. जुनी वजनं आधी काढायला सांगा. जुन्यावर नवी चढवत गेलेलं चाक मी पाहिलंय, त्याच्यावर दोन्ही बाजूंनी शिशाची माळच झाली होती. वजनं लावल्यावर चाक पुन्हा फिरवून दोन्ही बाजूंना शून्य आलेलं स्वतः वाचा. चाक फिरत असताना वाकून कडेने बघा: मशीन शून्य दाखवतंय पण टायर वरखाली नाचतोय, तर तो टायर बाद. मशीनला फक्त वजन कळतं, गोलाई कळत नाही. लहान गाडीच्या चाकाला एका बाजूला ५०-६० ग्रॅमपेक्षा जास्त वजन मागत असेल तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून परत मोजायला सांगा.

चारही चाकं करून घ्या. फक्त पुढची केली की मागची थरथर उरते आणि माणूस म्हणतो, काही फरक पडला नाही.

७. ब्रेक दाबल्यावरची थरथर

रिकाम्या रस्त्यावर ७०-८० वरून हलका, एकसारखा ब्रेक लावा. पायडल पायाला ढकलतंय आणि गाडी मंदावते तसे धक्केही मंदावतात: डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. फरक एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा असला तरी पायाला कळतो. सगळे म्हणतात डिस्क वाकली. प्रत्यक्षात गरम होऊन वाकलेली डिस्क क्वचितच सापडते. डिस्क आणि हबच्या मध्ये गंज राहिला किंवा नट कमी-जास्त जोराने आवळले गेले की डिस्क किंचित लचकत फिरते, दर फेरीला एकाच जागी पॅडला घासते, आणि काही हजार किलोमीटरमध्ये ती जागा झिजून पातळ होते. म्हणून नवीन डिस्क टाकल्यावर सहा महिन्यांत धक्के परत येतात तेव्हा दोष डिस्कच्या कंपनीचा नसून बहुतेक वेळा बसवण्याचा असतो.

दुसरं कारण पॅडचा छाप. परतवाड्याहून चिखलदऱ्याला गेलात तर सुमारे ११०० मीटर उंचीवर पोचता, आणि परतताना तो सगळा उतार ब्रेकवर घेतला तर डिस्क लाल व्हायची वेळ येते. खाली येऊन पाय ब्रेकवर दाबून धरत गाडी थांबवली की तापलेल्या पॅडचा थर त्याच जागी डिस्कला चिकटतो. उतार दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये उतरा. थांबल्यावर शक्य तिथे ब्रेक सोडून हँडब्रेक घ्या. आणि तापल्या चाकांनी नाल्याच्या पाण्यात गाडी घालू नका.

तिसरं, आणि आपल्याकडे फार सापडणारं: कॅलिपरच्या पिना जाम होणं. पिनेवरचं रबर फाटलं की आत चिखल जातो, पॅड सुटत नाही, डिस्क सतत तापते. ओळखायची रीत: दहा-पंधरा किलोमीटर शक्यतो ब्रेक न मारता चालवा, गाडी आपसूक थांबू द्या, आणि चारही रिमजवळ तळहात न्या, टेकवू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर तेच. पिना साफ करून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावायचं. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिना आधीपेक्षा पक्क्या जाम होतात. हे गॅरेजमध्ये उभं राहून पाहा.

मागे ड्रम असतील तर त्यांची परीक्षा हँडब्रेकने होते. मोकळ्या, कोरड्या जागी ३० च्या खाली, बटण दाबून धरून लिव्हर हळूहळू ओढा. नुसत्या हँडब्रेकनेही धक्के आले तर ड्रम गोल राहिलेला नाही. वळणावर, ओल्या रस्त्यावर किंवा बटणाचा इलेक्ट्रिक हँडब्रेक असलेल्या गाडीत हे करायचं नाही.

दोन गोष्टींना दोष समजू नका. पाऊस किंवा धुणं झाल्यावर डिस्कवर येणारा तांबूस गंज आठ-दहा ब्रेकमध्ये निघून जातो. आणि मुरमावर जोरात ब्रेक मारल्यावर पायडल भराभर कर्र-कर्र करतं ते एबीएसचं, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं, काम आहे. एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या कारना ते सक्तीचं आहे, त्यामुळे पहिल्यांदाच नवी गाडी घेतलेले बरेच जण घाबरून पाय काढतात. पाय काढू नका, दाबून ठेवा. मात्र चांगल्या डांबरावर, थांबता-थांबता १० च्या वेगाला एबीएस कर्र करत असेल तर चाकाजवळच्या सेन्सरवर चिखल बसलाय किंवा त्याची रिंग फुटलीय.

८. गॅरेजमध्ये काय मागायचं

"गाडी थरथरते" एवढं सांगू नका. वही उघडून सांगा: "दादा, ब्रेक न लावता ८५ ते १०५ ला स्टेअरिंग हलतं, सीट शांत आहे, चाकं आलटून पाहिली, थरथर मागे गेली." चांगला मिस्त्री हे ऐकून खूश होतो आणि थेट त्या चाकाकडे जातो.

कुठलंही सामान बदलण्याआधी त्यातला खेळ हाताने दाखवायला सांगा. डिस्कसाठी डायल गेज लावून लचक मोजायला सांगा. हब साफ करून, सगळे नट आवळून मोजलेली लचक बहुतेक गाड्यांत ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या आत हवी. डिस्क लेथवर मारून द्यायचं म्हणत असतील तर मारल्यानंतरची जाडी डिस्कच्या कडेला कोरलेल्या किमान जाडीपेक्षा जास्त उरतेय का ते विचारा. जेमतेम उरत असेल तर नवीन घ्या, पातळ डिस्क लवकर तापते. डिस्क आणि पॅड नेहमी डाव्या-उजव्या जोडीने. बदललेलं जुनं सामान परत मागून घ्या आणि बिलावर कुठल्या बाजूचं ते लिहून घ्या.

शेवटचा पीळ हवेच्या बंदुकीने मारू देऊ नका. बंदुकीने चढवले तरी अखेरीस टॉर्क पान्याने, तो नसेल तर साध्या पान्याने, समोरासमोरच्या क्रमाने.

९. काम झाल्यावर

नवीन डिस्क-पॅड टाकले असतील तर ते एकमेकांना बसवावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर ५०-६० वरून १०-१५ पर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण न थांबता, मधे थोडं अंतर चालवून, असं आठ-दहा वेळा. मग ब्रेक न मारता काही किलोमीटर गाडी चालवून थंड होऊ द्या. पहिले दोन-तीनशे किलोमीटर गरज नसताना कचकन ब्रेक टाळा.

चाकं काढून लावली असतील तर ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा. टायर दर ८-१० हजार किलोमीटरला पुढचे-मागचे फिरवा आणि त्याच वेळी बॅलन्सिंग करा. आपल्याकडे त्याला सगळ्यात सोयीची वेळ दिवाळीच्या आसपासची, चिखल संपून कापूस-सोयाबीनच्या फेऱ्या सुरू होतात तेव्हा. मग त्याच जुन्या रस्त्याच्या तुकड्यावर, त्याच वेगाने गाडी नेऊन वहीतल्या आधीच्या नोंदीशी ताडून बघा. थरथर कमी झाली पण उरली असेल तर दोष दोन होते, आणि पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करायची.